गंगा व्ह्यू, गरम पाणी आणि इतर आश्वासनं

शनिवार

कामायनी एक्स्प्रेस वाराणसी कॅन्टला लागली तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. नाशिकरोडहून या गाडीत बसणाऱ्याने वेळापत्रक वाचू नये, उगाच जिवाला घोर. आम्ही तिघं होतो: मी, सुहास आणि माझी मावशी. काशीचं मावशीच्या मनात कधीपासून होतं. देवदिवाळीची गर्दी ओसरली की खोल्यांचे भाव उतरतात हे तिने कुठून तरी ऐकून ठेवलं होतं आणि मार्गशीर्षातली तारीखही तिनेच काढली. बातमी पक्की होती. कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे काशीच्या देवदिवाळीला, घाटाजवळच्या कुठल्याही खोपट्याला सोन्याचा भाव येतो. तीच खोली पंधरवड्याने अ‍ॅपवर १,४०० रुपयांना दिसत होती. तीन पलंग, जोडून बाथरूम, चोवीस तास गरम पाणी, गंगा व्ह्यू. फोटोत पांढऱ्याशुभ्र चादरीवर टॉवेलचे हंस मान गुंफून बसलेले.

स्टेशनबाहेर ई-रिक्षावाल्याने गेस्ट हाऊसचं नाव ऐकलं आणि खेदाने मान हलवली. "वो तो बंद हो गया, मॅडम. पुलिस ने सील कर दिया." त्याच्या ओळखीचं एक 'एकदम फॅमिली टाइप' होतं म्हणे. सुहासने त्याच्यादेखतच गेस्ट हाऊसला फोन लावला, तो उचलला गेला, आणि रिक्षावाला जराही न ओशाळता म्हणाला, "तो फिर खुल गया होगा." ही इथली जुनी रीत आहे. गिऱ्हाईक आणून दिलं की हॉटेलवाला रिक्षावाल्याला दलाली देतो आणि ती आपल्याच भाड्यात मिसळते. त्यामुळे नाव सांगावंच लागू नये म्हणून चौकाचं नाव सांगायचं: गोदौलिया.

रोपवेचे उंच खांब बघत बघत गोदौलियाच्या नंदी चौकापर्यंत पोचलो. पुढे संध्याकाळी गाड्या सोडत नाहीत. बॅगा उचलून बंगाली टोल्याच्या गल्ल्यांत शिरलो. ज्यांनी ही गल्ली पाहिली नाही त्यांना सांगते: रुंदी अशी की समोरून बैल आला तर एकाने दुकानात चढायचं, आणि ते 'एकाने' म्हणजे बैलाने नव्हे. पाठीमागून मोटारसायकल हॉर्न वाजवत येते ती वेगळीच. चाकांची बॅग इथे काही कामाची नाही, फरशा वरखाली आहेत आणि मधून गटार वाहतं.

मॅनेजरने आमची आधार कार्डं घेतली, झेरॉक्स काढून आणायला पोराला पिटाळलं आणि हळूच मुद्द्यावर आला. "सर, अ‍ॅप का बुकिंग कॅन्सल कर दीजिए. यहीं कॅश दे दीजिए, सौ रुपया कम कर देंगे." यात गोम अशी की अ‍ॅप प्रत्येक बुकिंगमागे कमिशन कापतं ते याला वाचवायचं असतं, आणि बुकिंग रद्द केलं की आपण तिथे उतरल्याचा पुरावाही जातो. खोलीत उंदीर निघाला तरी तक्रार कोणाकडे करणार? सुहासने नाही म्हटलं. मॅनेजरचा चेहरा मख्ख झाला. मग कळलं की आम्ही पसंत केलेल्या खोलीत 'मेंटेनन्स' चालू आहे आणि आम्हाला 'उससे भी बढिया' खोली मिळणार आहे.

ती खोली तळमजल्यावर होती. खिडकी होती, खिडकीला पडदाही होता. पडदा सारला तर दीड फुटावर शेजारच्या घराची विटांची भिंत. मधल्या उभ्या बोळकांडीत वरच्या सगळ्या मजल्यांच्या बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे तोंडं करून बसलेले, आणि तळाशी चिप्सची पाकिटं, एक चप्पल, कधीकाळचा झाडू. भिंतीला कमरेपर्यंत ओल चढली होती. ओल झाकायला प्लायवूडची पॅनेल ठोकली होती आणि पॅनेलच्या वरच्या काठावरून पोपडे बाहेर डोकावत होते. खोलीला कुबट वास. त्यावर उपाय म्हणून कोणीतरी नुकताच रूम फ्रेशनर मारलेला, म्हणजे कुबट गुलाब.

"गंगा किधर है?" मावशीने साधा प्रश्न विचारला.

पोरगा आम्हाला गच्चीवर घेऊन गेला. चार मजले, जिना इतका चिंचोळा की मावशीला एका हाताने भिंत धरावी लागली. गच्चीला वरूनसुद्धा लोखंडी जाळी होती, माकडांसाठी. पाण्याच्या दोन काळ्या टाक्यांच्या फटीतून, मान डावीकडे वळवून, टाचा उंचावल्या की पलीकडे अंधारात काहीतरी चकाकताना दिसत होतं. खाली येऊन मी मॅनेजरला म्हटलं की गंगा व्ह्यू म्हणून पैसे घेतलेत. त्याने शांतपणे समजावलं, "मॅडम, व्ह्यू प्रॉपर्टी का है, रूम का नहीं."

गरम पाण्याचंही असंच. चोवीस तास गरम पाणी म्हणजे गिझर चोवीस तास भिंतीवर असतो. तो पॅसेजमधल्या कुलूपबंद मोरीत. पोराला सांगायचं, तो बादली आणून देणार. पोरगा रात्री दहाला झोपतो. टॉवेलचे हंस तर नव्हतेच, टॉवेलच नव्हते. "टॉवेल का डिपॉझिट लगेगा, दो सौ."

मावशी या सगळ्यात एकदाही चिडली नाही. तिने उशी उचलली, अभ्रा काढला, आतल्या कापसाच्या गठ्ठ्यावरचा तेलकट गोल डाग आम्हा दोघांना दाखवला आणि अभ्रा परत चढवून उशी कपाटावर ठेवून दिली. पिशवीतून सोलापुरी चादर काढली, पलंगावर अंथरली, स्वतःची शाल गुंडाळून उशाला घेतली आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. मी मात्र गेस्ट हाऊसच्या रजईला नाक न लावता ती अंगावर कशी घ्यायची याचा अभ्यास करत जागी राहिले.

रविवार

नावेचं गेस्ट हाऊसवालाच ठरवून देणार होता. "अपना ही आदमी है, पंद्रह सौ." घाटावर जाऊन विचारलं तर तशीच नाव, तोच एक तास, आठशेला ठरली, आणि नावाड्याने आपणहून सांगितलं की पंधराशेतलेही त्याच्या हातात आठशेच पडले असते.

उजाडताना नावेतून काशी बघताना मात्र रात्रीचं सगळं विसरायला होतं, हे कबूल केलं पाहिजे. बऱ्याच नावा आता सीएनजीवर चालतात, त्यामुळे डिझेलचा धूर तोंडावर येत नाही. पुराच्या वेळी घाटांवर बसलेला गाळ काही ठिकाणी अजून निघाला नव्हता. पंप लावून, जाड पाइपाने गंगेचंच पाणी मारून माणसं पायऱ्या मोकळ्या करत होती.

मावशी साताऱ्याची. तिला घाटांची यादी पाठ. दशाश्वमेधाचा सध्याचा घाट १७४८ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांधवला असं सांगतात. शेजारी अहिल्याबाईंचा घाट. मणिकर्णिकेच्या पुढे शिंद्यांचा, जिथे रत्नेश्वराचं देऊळ एका अंगाला कललेलं आहे आणि त्याचा खालचा भाग वर्षातले बरेच महिने पाण्यात असतो. घाटाचं बांधकाम इतकं वजनदार झालं की तो स्वतःच्याच भाराने खचला, असं म्हणतात. मग नागपूरकर भोसल्यांचा, पुढे अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट. पंचगंगा घाटावर बिंदुमाधव, आताचं देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, म्हणजे मावशीच्या दृष्टीने घरचंच. निम्मा किनारा आपल्या लोकांनी बांधला आणि आपल्याला राहायला बोळकांडीची खिडकी, असं सुहास पुटपुटला. मावशी म्हणाली, "त्यांनी दगडाला पैसे घातले, तुम्ही फोटोला घातलेत."

विश्वनाथाच्या रांगेत पुढे दोन-अडीच तास गेले. मोबाइल आत नेता येत नाही. बाहेर 'फ्री लॉकर' अशा पाट्या. लॉकर फुकट, पण प्रसादाची टोपली त्याच दुकानातून घ्यावी लागते आणि टोपलीचा भाव टोपली हातात आल्यावर कळतो. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये बांधलेलं देऊळ मुळात लहानसंच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या कॉरिडॉरने त्याच्याभोवती केवढंतरी आवार मोकळं केलं, त्यात त्यांचा पुतळाही आहे. मावशीने त्या पुतळ्यालाही देवाला करतात तसाच नमस्कार केला.

दुपारी थकून परत आलो तर नळाला पाणी नाही. माकडांनी गच्चीवरचा पाइप उपटला होता. हे काशीत खरोखर होतं, त्यात मॅनेजरचा दोष नाही. पण प्लंबर 'अभी आ रहा है' म्हणता म्हणता दिवेलागण झाली, तोवर तीन माणसांना दोन बादल्या. रात्री आठला मॅनेजरला विचारलं की उद्याचे पैसे परत मिळतील का, आम्ही दुसरीकडे जातो. तो म्हणाला, ते अ‍ॅपवाल्यांना विचारा. अ‍ॅपवाल्यांच्या चॅटवर कोणी 'प्रिया' बोलत होती, ती म्हणाली प्रॉपर्टीने मान्य केलं तर देऊ. प्रॉपर्टी समोर बसून पान चघळत होती.

सोमवार

सकाळी कचोरी-सब्जी, जिलबी आणि मातीच्या कुल्हडीत मलइयो. दुधाचा हा फेस फक्त थंडीत मिळतो, केशर-वेलचीचा, जिभेवर ठेवला की उरतच नाही. पोटाने काशीत कधी निराशा होत नाही. येणाऱ्याने इथे फक्त खावं आणि रात्री परत आपल्या गावी झोपायला जावं अशी काही सोय निघाली पाहिजे.

कचोरीवाल्याच्या बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आम्ही बॅगा घेऊन का बसलोय ते विचारलं आणि ऐकून हसले. त्यांच्या बोलण्यातून, आणि नंतर स्वतः गल्ल्या पाहून, या खोल्या अशा का असतात ते थोडं उलगडलं. घाटामागच्या जुन्या वस्तीला पक्का महाल म्हणतात. घरं दगडी, चार-पाच मजली, मध्ये चौक. चौकातून सगळ्या खोल्यांना उजेड आणि वारा मिळावा अशी मूळ रचना. गंगेपासून दोनशे मीटरच्या आत नवं बांधकाम करायला बंदी आहे, फक्त दुरुस्ती चालते. म्हणजे प्रवासी कितीही वाढले तरी घाटाजवळ नवं हॉटेल उभं राहणं कठीण. मग आहे त्याच घरात खोल्या पाडायच्या. एका दालनाच्या तीन, चौकावर पत्रा टाकून आणखी एक, देवघराची एक. उजेडाचा चौक बुजला की ओल आलीच. कॉरिडॉरसाठी तीनशेहून जास्त मालमत्ता घेतल्या गेल्या, त्यानंतर माणसांचा लोंढा आला आणि ज्याला जमेल त्याने दारावर पाटी लावली. "पहले घर में किरायेदार रखते थे, तीस रुपया महीना," म्हातारे म्हणाले, "अब एक रात का पंद्रह सौ. बताइए, कौन रखेगा किरायेदार?" पटलं. पण घर जुनं आहे म्हणून उशीला तेलाचा डाग का असावा, ते त्यांनी सांगितलं नाही.

नवी जागा आम्ही मुद्दाम नव्या इमारतीत घेतली. अस्सीजवळचा होमस्टे, १,६५० रुपये, रेटिंग ४.६, 'अस्सी घाट २ मिनिटं'. फोटोत भिंतीवर रंगवलेला शंकर, टांगलेल्या टोपल्यांत झाडं, वेताची खुर्ची. दोन मिनिटं मोटारसायकलने, रात्री दोन वाजता, रस्ता मोकळा असेल तर. आम्ही चालत निघालो तर लंका नावाच्या वस्तीच्या मागच्या अंगाला, नाल्याच्या कडेने, मावशीच्या गुडघ्यांना धरून अर्ध्या तासाची वाट.

खोली स्वच्छ होती, हे आधी लिहिते. शंकर होता, वेताची खुर्ची होती. तिच्यावर बसू नका असं मालक म्हणाले, ती फोटोसाठी आहे. प्लास्टर इतकं ताजं की खोलीत सिमेंटचा वास आणि बॅग भिंतीला लावली तर बॅगेवर पांढरे पट्टे. 'अटॅच्ड बाथरूम' शेजारच्या खोलीलाही अटॅच्ड होतं, दोन्हीकडून दारं. आत गेलं की पलीकडच्या दाराची कडी लावायची, बाहेर पडताना आठवणीने काढायची. शेजारच्या खोलीतले कोलकात्याचे आजोबा ती काढायला विसरत आणि मग मी पॅसेजमधून जाऊन त्यांचं दार ठोठावे, "दादू, दोरजा" एवढंच बंगाली जमवून.

मालक बोलके. अमुक देशाचे पाहुणे कसे महिना महिना राहतात, सगळं ऐकून झाल्यावर त्यांचे मामेभाऊ आले. मामेभाऊ विणकर. उद्या सकाळी गाडी पाठवतील, फक्त बघायला या, घेतलंच पाहिजे असं नाही.

रात्री साडेनऊला बँड सुरू झाला. समोरच्या भिंतीपलीकडे मॅरेज लॉन आहे हे फोटोत नव्हतं. लगीनसराई जोरात. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला कायद्याने बंदी आहे, ती २००० सालच्या नियमांत. लॉनवाल्यांच्या ती कानावर गेली नसावी, त्या आवाजात जाणार तरी कशी. खिडकीची तावदानं ढोलाबरोबर थरथरत होती. दीड वाजता वरात आली आणि फटाके झाले. मालकांना फोन केला, त्यांनी उचलला, मागे तोच बँड जास्त मोठ्याने ऐकू आला. ते लग्नातच होते.

मंगळवार

सकाळचा नाश्ता 'कॉम्प्लिमेंटरी' होता: ब्रेडचे दोन काप आणि मॅगी. मावशीने आयुष्यात मॅगी खाल्ली नव्हती. खाऊन म्हणाली, "मीठ बरं आहे."

मामेभावाची गाडी आलीच. घर पिली कोठीच्या बाजूला. पुढच्या खोलीत एक हातमाग, त्यावर एक म्हातारे कारागीर आम्ही पोचल्यावर बसले आणि आम्ही गादीकडे वळल्यावर उठले. मग साड्यांचा ढीग. "हँडलूम, मॅडम, तीन महीना लगा है बनाने में." मावशीने काही न बोलता पदर उलटा केला. कढुआ कामात प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात, त्यामुळे मागच्या बाजूला दोन बुट्ट्यांमध्ये धागा नसतो. या साडीच्या मागे सगळीकडे कातरलेल्या धाग्यांची लव होती. सरसकट धागा सोडून मागून कापलेलं काम. "तीन महिने विणायला लागले की कापायला?" तिने मराठीतच विचारलं. मामेभावाला शब्द कळले नाहीत पण उलटा केलेला पदर कळला. त्याने साडी घडी करून ठेवली आणि चहा मागवला. बनारसी साडीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं लेबल असलेली साडी सरकारमान्य दुकानातही मिळते आणि तिथे होमस्टेवाल्याचा वाटा धरलेला नसतो. असो. चहा फार चांगला होता.

दुपारी सारनाथ. धामेक स्तूप तेहतीस कोटी फोटोंत पाहिलेला असला तरी पायथ्याशी उभं राहून वर बघितलं की मान दुखते. जवळजवळ ४४ मीटर उंच. पट्टीवरची कोरीव वेलबुट्टी मावशीने बराच वेळ पाहिली, सकाळच्या साडीनंतर तिला खऱ्या कारागिरीची भूक लागली असावी. संग्रहालयात अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष. नोटेवर, नाण्यावर, पासपोर्टवर पाहून पाहून आपण त्याला शिक्का समजतो. प्रत्यक्षात त्या दगडाची झिलई अशी की आपलं अंधूक रूप त्यात दिसेलसं वाटतं. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, बेत करताना लक्षात ठेवा.

परतताना लंकेच्या अलीकडे तासभर अडकलो. मंगळवार, म्हणजे संकटमोचन मारुतीला गर्दी. होमस्टेवर पोचलो तो मालक फोन घेऊन दारातच. आम्ही उद्या जाणार हे सांगितलेलं होतं. "डिपॉझिट अभी दे देता हूँ, बस आप फाइव्ह स्टार डाल दीजिए, मेरे सामने." सुहास म्हणाला, गावी जाऊन टाकतो. तर म्हणे गावी जाऊन कोणी टाकत नाही. पाचशे रुपये त्यांच्या हातात, सुहासचा फोन सुहासच्या हातात, आणि दोघं एकमेकांकडे गोड हसत उभे. ४.६ कुठून आलं ते त्या क्षणी कळलं. शेवटी सुहासने पाच चांदण्या दिल्या आणि खाली मराठीत लिहिलं: "समोर मॅरेज लॉन आहे. खुर्चीवर बसू देत नाहीत. घाट अर्धा तास. डिपॉझिटसाठी चांदण्या द्याव्या लागतात." मालकांनी चांदण्या मोजल्या, मजकूर वाचता येत नव्हता, पैसे दिले. ते परीक्षण अजून तिथे आहे. म्हणून म्हणते, परीक्षणं वाचताना चांदण्या बघू नका. मराठी, गुजराती, बंगाली, ज्या भाषेत मालकाला वाचता येणार नाही त्या भाषेतली शोधून वाचा.

बुधवार

मावशीने आम्हाला न विचारता नाशिकला तिच्या भजनी मंडळातल्या बाईंना फोन केला होता. त्यांनी केदारघाटाच्या मागे एका दाक्षिणात्य संस्थेची धर्मशाळा सांगितली. ना अ‍ॅप, ना फोटो. फोन कधी उचलतात, कधी नाही. सरळ जाऊन दारात उभं राहायचं.

केदार घाट, हनुमान घाट या भागात तमिळ, तेलुगू मंडळींची जुनी वस्ती. दुकानांवर त्यांच्या लिपीतल्या पाट्या, सकाळी कॉफीचा वास. पेढीवर कपाळाला भस्म लावलेले एक कारकून जाडजूड वही घेऊन बसले होते. कुठून आलात, किती माणसं, किती रात्री, कशासाठी आलात. 'यात्रा' म्हटल्यावर त्यांनी वहीत लिहिलं. तीन माणसांना सहाशे रुपये, पावती. रात्री दहाला फाटक बंद होणार, मग कितीही वाजवा. आत कांदा-लसूण आणायचा नाही. सकाळी आठ ते दहा जेवणाचं कुपन घ्यायचं.

"रूम देख लें?" सुहासने विचारलं. आता तो शिकला होता.

"देखने का क्या है?" कारकून म्हणाले. "रूम है."

खरंच रूम होती. लाल कोबा, घासून घासून काळपट तुकतुकीत झालेला. तीन लाकडी खाटा, त्यांवर कापसाच्या पातळ गाद्या, उन्हात टाकलेल्या गादीला येतो तो वास. भिंतीत दगडी फडताळ. एक खिडकी, जी उघडली की चौक, आणि चौकावर आकाश. पत्रा नव्हता. सकाळी सहाला एक बाई फिनेलची बादली घेऊन आली, खाटा सरकवायला लावून खालून पुसून गेली. रोज येते, तिला विचारलं. ती या मजल्याची. वरच्या मजल्याची वेगळी. चुकून कागद पडलेला दिसला तर ती पेढीवर जाऊन सांगते म्हणे. बंगाली टोल्यातल्या पोराकडे खोल्या होत्या, नाश्ता होता, झेरॉक्स होती, बॅगा होत्या आणि गिझरची किल्लीही होती. त्याने बिचाऱ्याने पुसायचं केव्हा?

तरी धर्मशाळा म्हणजे स्वर्ग असं कोणी समजू नये. गादी इतकी पातळ की खाटेच्या फळ्या मोजता येत. संडास पॅसेजच्या टोकाला आणि सगळे भारतीय बैठकीचे. मावशीचे गुडघे वाकत नाहीत. तिथे आमचा खरा प्रश्न उभा राहिला. कारकुनांनी ऐकून घेतलं, आत गेले आणि लोखंडी कमोडची खुर्ची घेऊन आले, जी मागच्या कुठल्या तरी यात्रेकरूंनी ठेवून दिली होती. तिचा एक पाय तोकडा. सुहासने खाली वर्तमानपत्राची घडी घातली. मावशी आत गेली की मी बाहेर उभी, "हलतेय का?" आणि आतून, "गप बस." गरम पाणी सकाळी बंबातून एक बादली, दुसरी मागितली तर कारकून वर बघत, शब्द बोलत नसत, पण देत नसत.

दशाश्वमेधाची आरती बघून घाटावरच रेंगाळलो, आणि घाटाघाटाने परत येताना आम्हाला दहाच्या फाटकामुळे अक्षरशः पळावं लागलं. मावशी सगळ्यात पुढे.

गुरुवार

भदैनीत झाशीच्या राणीचं जन्मस्थान आहे, तिथे गेलो. नीट राखलेलं छोटं आवार, अश्वारूढ पुतळा. पुढे काही विशेष नाही. बाजार, पान, गंगाजलाचे गडू, नातेवाइकांसाठी लाकडी खेळणी. अ‍ॅपच्या प्रियाने पहिल्या गेस्ट हाऊसच्या बुडालेल्या रात्रीबद्दल ३०० रुपयांचं कूपन पाठवलं, पुढच्या बुकिंगवर तीस दिवसांत वापरायचं. सुहासने ते लगेच पुसून टाकलं.

गाडी पाच तास लेट दाखवत होती. तिकिटाच्या पीएनआरवर स्टेशनची रिटायरिंग रूम मिळते हे कसं कोण जाणे त्याला शेवटच्या दिवशी सुचलं. काही तासांसाठी मिळाली. सरकारी हिरवट रंग, वर रेल्वेचा शिक्का असलेल्या चादरी, धोब्याच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. बाथरूममध्ये पाश्चात्त्य पद्धतीचा कमोड, न हलणारा. नळ सोडला तर वाफ. मावशीने दार लावून घेतलं ते तीन बादल्या होईपर्यंत उघडलं नाही. केस पुसत बाहेर आली, खिडकीतून फलाट बघितला आणि म्हणाली, "विश्वनाथ इथून किती लांब आहे रे?"

"चार किलोमीटर असेल, मावशी."

"मग तुम्ही आम्हाला गंगा व्ह्यू कशाला घेतलात?" सुहासने तोंड उघडायच्या आत तिने पिशवीतून सोलापुरी चादर काढली, बघितली, आणि न अंथरताच परत आत ठेवून आडवी झाली.